गोष्ट संपते तिथून

गेल्या दिवाळीत माझा भाचा मिरजेला आजीकडे आला होता. दहावीचं वर्ष म्हणून बहिणीने बॅगेत पुस्तकं कोंबून दिली होती, पण त्याने आधी बाहेर काढला तो लॅपटॉप. पाडव्याच्या रात्री फराळाची ताटं आवरून झाली, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, एक एपिसोड बघ. एकच. नाही आवडला तर पुन्हा कधी म्हणणार नाही."

ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, म्हटलं की तोवर माझ्या डोळ्यांपुढे रंगीत केसांची, मोठ्या डोळ्यांची, दर दोन मिनिटांनी ओरडून एकमेकांवर तुटून पडणारी पोरं यायची. त्याचं मन मोडू नये म्हणून बसले.

त्याने 'फ्रीरेन' ही मालिका लावली. चौघांची एक टोळी राक्षसांच्या राजाला मारून दहा वर्षांनी राजधानीत परत येते आहे. देखणा शूर हिमेल, दारूची आवड असलेला पुरोहित हायटर, ठेंगणा योद्धा आयझेन आणि जादूगार फ्रीरेन. फ्रीरेन एल्फ आहे, परीकथांतल्या दीर्घायुषी जमातीतली, हजार वर्षांहून जास्त जगलेली. स्वागत होतं, आतषबाजी होते. आपण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी इथे संपतात, राजाने अर्धं राज्य दिलं आणि सगळे सुखाने नांदू लागले. ही गोष्ट इथे सुरू होते. त्या रात्री आकाशात उल्कांचा पाऊस पडतो, तो दर पन्नास वर्षांनी एकदा पडणारा. फ्रीरेन सहज म्हणून जाते की पुढच्या वेळी याहून चांगली जागा दाखवते तुम्हाला. आणि निघून जाते. ती परत येते तेव्हा हिमेलच्या डोक्यावर केस नाहीत, पांढरी दाढी छातीवर उतरली आहे, उंची आक्रसून गेली आहे. तिच्या लेखी ती परवाच गेलेली असते. चौघं मिळून पुन्हा उल्का बघायला जातात, आणि मग हिमेल मरतो.

अंत्यविधीला गावातली माणसं कुजबुजतात, दहा वर्षं बरोबर राहिली आणि हिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. फ्रीरेन नुसती उभी असते. पेटी खाली उतरवल्यावर, माती पडायला लागल्यावर ती एकाएकी रडायला लागते. तिचं म्हणणं साधं आहे. माणसाचं आयुष्य थोडं असतं हे मला ठाऊक होतं, मग मी त्याला ओळखून घ्यायचा प्रयत्न का केला नाही? हायटर तिच्या डोक्यावर हात ठेवतो.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते गेले त्या दिवशी मी रडले नव्हते. पुण्याहून पहाटेच्या गाडीने आले, कृष्णाकाठी सगळं झालं, दहाव्याला कावळा शिवला, तेराव्याला पंगत उठली. मी हिशेब ठेवत होते, कोण आलं, कोणाला कळवायचं राहिलं. एक लांबच्या आत्या पलीकडच्या खोलीत म्हणाल्या, नोकरी करणाऱ्या पोरी अशाच घट्ट होतात. मला ऐकू आलं होतं. मलाही तसंच वाटत होतं, की मी घट्ट आहे.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. बोलणं कमी. रोज सकाळी चहाबरोबर पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे आणि त्यातला एक आडवा शब्द मुद्दाम माझ्यासाठी सोडायचे. मी शाळेत जाता जाता तो भरायचे. अठराव्या वर्षी मी पुण्याला गेले, तो खेळ संपला असं मी धरून चालले होते. बाबा गेल्यावर चार महिन्यांनी आई रद्दी काढायला बसली. रद्दीवाल्याने काटा अडकवला होता, आणि मी एक गठ्ठा उचलताना वरची घडी उलगडली. कोडं सोडवलेलं होतं, आडवा एक शब्द सोडून. खालच्या पेपरात तेच. त्याच्या खालच्यातही. मी पुण्यात असताना ते इथे घरं रिकामी सोडत होते. त्या दिवशी रद्दी तशीच राहिली, आणि मी माजघरात बसून काय ते रडले.

ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. आणि एका कार्टूनने ती मला परत सांगितली. तेव्हापासून वर्षभर मी ॲनिमे बघते आहे आणि एकच प्रश्न घेऊन बघते आहे. लहानपणी मी कार्टून काही कमी पाहिली नाहीत. त्यांनी माझ्यातल्या या जागेला कधी हात लावला नव्हता. यांनी का लावला?

बाबांचं लाडकं कार्टून टॉम अँड जेरी. ऑफिसमधून आले की मोजे काढता काढता हसायचे, चष्मा काढून डोळे पुसायचे. मी आजही म्हणेन की हसवण्याच्या कलेत त्याच्या वर काही नाही. हॅना आणि बार्बेरा या दोघांनी एमजीएम स्टुडिओसाठी १९४० ते १९५८ या काळात त्याचे ११४ छोटे चित्रपट केले आणि त्यांना सात ऑस्कर मिळाले. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत ऐकावं, मांजराचं पाऊल आणि पियानोची पट्टी एकत्र पडते. पण टॉमवर इस्त्री पडते, त्याचा पापड होतो, आणि पुढच्या क्षणाला तो होता तसा उभा राहतो. वेळ त्याला चिकटतच नाही. 'द सिम्प्सन्स' १९८९च्या डिसेंबरात सुरू झालं, तेव्हा बार्ट दहा वर्षांचा होता, आजही आहे. त्याच्याबरोबर ज्यांनी ते बघायला सुरुवात केली त्यांची मुलं आता कॉलेजात असतील. दर भागात घर पेटावं, नोकरी जावी, आणि पुढच्या भागात सगळं जागच्या जागी असावं. रोज संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला हे हवं असतं. बाबांना हवं होतंच. काहीही मोडलं तरी उद्या सकाळी नीट होणार, याची हमी ती अर्ध्या तासापुरती मिळत होती.

जपान्यांकडे असं न वाढणारं कोणी नाही, असं मुळीच नाही. आपल्या घराघरांत पोचलेला नोबिता वर्षानुवर्षं त्याच वर्गात नापास होतो आहे, शिनचॅन पाच वर्षांचाच आहे. पण तिथे दुसरी एक वाट पहिल्यापासून जास्त रुळलेली दिसते. गोष्ट सुरू होते, पुढे जाते, माणसं बदलतात, काही मरतात ती मरतातच, आणि एक दिवस गोष्ट संपते. 'डेथ नोट' ३७ भागांत संपलं. 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' ६४ भागांत. पुस्तक मिटल्यासारखं. यातल्या पुष्कळ मालिका माँगावरून येतात, म्हणजे तिथल्या नियतकालिकांत क्रमशः छापल्या जाणाऱ्या चित्रकथांवरून. एका हाताने, फार तर दोन हातांनी, सलग लिहिलेली गोष्ट असल्यावर तिला शेवट येणार, तिच्यात वय येणार. अमेरिकन टीव्हीची कार्टून मालिका बऱ्याचदा खोलीभर लेखक मिळून लिहितात, आणि ती कुठल्याही भागापासून बघता आली पाहिजे या बेताने बांधलेली असायची. कारखान्याच्या रचनेतून गोष्टीचा स्वभाव ठरतो, हे मला फार नंतर उमगलं.

गंमत म्हणजे माझ्या लहानपणात ॲनिमे होतंच, मला नाव माहीत नव्हतं. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजांचं संगीत, आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. आमच्या गल्लीत तेवढा अर्धा तास पोरगं दिसत नसे. ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केलेली, ५२ भागांची. आम्हाला ती आपलीच वाटायची, आणि का वाटू नये, जंगल आपलं होतं. पण आता आठवते ती एक वेगळी गोष्ट. मोगलीमध्ये मधूनच कोणी काहीच करत नसे. पाऊस पडत असे, लांडगे गुहेच्या तोंडाशी बसलेले असत. टॉम अँड जेरीमध्ये असा एक क्षण सापडणार नाही.

त्या निवांतपणाचं मूळ शोधायला गेले तर दोन गोष्टी हाती लागल्या. एक पैशाची आणि एक माणसांची.

पैशाची अशी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी पळतो. डिस्नेच्या जुन्या चित्रपटांत सेकंदाला बारा ते चोवीस चित्रं काढलेली असायची, म्हणून ती माणसं पाण्यासारखी हलतात. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुकांची 'ॲस्ट्रो बॉय' जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, हाताशी माणसं थोडी, आणि तेझुकांनी भाग विकलेही फार स्वस्तात. मग एकेक चित्र तीन तीन चौकटी तसंच धरायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. चेहरा स्थिर, फक्त ओठ हलवायचे. धावण्याची, उडण्याची चित्रं जपून ठेवायची आणि पुन्हा वापरायची. एकाच मोठ्या स्थिर चित्रावरून कॅमेरा हळूहळू सरकवायचा.

ही काटकसर जपान्यांची एकट्याची नव्हती. टॉम अँड जेरी बंद पडल्यावर हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले तेव्हा त्यांनाही हेच करावं लागलं. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे? धड स्थिर ठेवून फक्त डोकं हलवता यावं, आणि सांधा दिसू नये म्हणून. दोन्हीकडे खिसा तितकाच रिकामा. फरक पुढे पडला असं मला वाटतं. अमेरिकनांनी हालचालीची उणीव बोलण्याने भरून काढली, विनोदावर विनोद, ठसकेबाज आवाज. तिकडे आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि त्यावर ओठ बेततात, तेव्हा संवाद हाच कणा होणं साहजिक आहे. जपानमध्ये बहुतेक वेळा आधी चित्रं तयार होतात आणि आवाज मागून चढवतात. तिथल्या मंडळींनी थांबलेल्या चित्राकडेच नीट बघायला सुरुवात केली. हलत नाही तर नाही, पण मग ते चित्र इतकं बोलकं करू की माणूस बघत राहील. ओसामू देझाकी हे दिग्दर्शक तर प्रसंग टिपेला पोचला की चित्र गोठवायचे आणि ते रंगवलेल्या तसबिरीसारखं करून टाकायचे. 'इव्हँगेलियन' या १९९५च्या मालिकेत दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत, जवळजवळ मिनिटभर चित्र हलत नाही, लिफ्टचा आवाज तेवढा येतो. त्या दोघी एकमेकींशी बोलू शकत नाहीत, एवढंच त्यात घडतं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा श्वास अडकला होता. पैसे वाचवण्याची युक्ती पोरांच्या एकटेपणापर्यंत जाऊन पोचली होती.

स्थिर चित्र आणि चालता आवाज, हे जपानला नवं नव्हतं. १९३०च्या दशकात तिथल्या गल्ल्यांत सायकलवर लाकडी चौकट बांधून गोष्ट सांगणारे यायचे. गोळ्या विकायचे आणि एकामागून एक चित्र सरकवत गोष्ट सांगायचे. त्याला कामिशिबाई म्हणतात. हे वाचलं आणि मला पिंगुळी आठवली. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. मी कॉलेजात असताना तिथे गेले होते. कागदावरचं चित्र, डोळे मोठे, चेहरा एका बाजूने दिसणारा. समोर बसलेला गायक कथा सांगतो आणि मागे चित्र उभं असतं, हलत नाही. सीतेचं चित्र होतं. पाच मिनिटं आम्ही तिच्याकडे बघत होतो, आणि गायकाचा आवाज कापरा झाला तेव्हा मला शपथेवर वाटलं की तिने मान हलवली. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या कलेसाठी पद्मश्री मिळाली. जपान आणि कोकणात काही देवाणघेवाण झाली असं मला म्हणायचं नाही. माणसाचं मन चित्रातली उरलेली हालचाल स्वतः पुरी करतं, हे दोन्हीकडच्या सांगणाऱ्यांनी ओळखलं होतं, इतकंच.

आता माणसांची गोष्ट. १९७३ साली इसाओ ताकाहाता, हायाओ मियाझाकी आणि योइची कोताबे असे तिघं जपानी ॲनिमेशनवाले स्वित्झर्लंडला गेले. 'हायडी' ही मालिका करायची होती, तर डोंगर कसे दिसतात, शेळ्या कशा चालतात, घराचं दार कुठल्या बाजूला उघडतं, हे डोळ्यांनी बघून यायचं होतं. लहान मुलांच्या टीव्ही कार्टूनसाठी देशाबाहेर पाहणीला जायचं! १९७४ मध्ये ती मालिका आली. ५२ भाग, आणि प्रत्येक भागातल्या दृश्यांची मांडणी मियाझाकींनी केलेली. त्यात राक्षस नाही, जादू नाही. एक अनाथ पोर डोंगरावर आजोबांकडे राहायला जाते. आजोबा विस्तवासमोर चीजचा तुकडा धरतात, तो वितळून फुगतो, मग पावावर उतरवतात. ते वितळणं पुरतं दाखवलं आहे, कापाकापी नाही. जे आपण रोज बघतो आणि बघत नाही, ते कोणीतरी शेकडो चित्रं काढून बघायला लावतो, त्यात फार मोठी माया आहे. खरा पाव वितळलेल्या चीजसह कॅमेऱ्याने टिपायला काही लागत नाही. चित्रात तो येतो कारण कोणालातरी तो यायला हवा होता.

मियाझाकींनी २००२ मध्ये एका अमेरिकन समीक्षकाशी बोलताना तीन-चार वेळा टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या. दोन टाळ्यांमधला जो वेळ, त्याला आम्ही 'मा' म्हणतो, असं त्यांनी सांगितलं. हे मला लगेच कळलं, कारण आमच्या शेजारी तबल्याचा क्लास होता. तालातली 'खाली' आली की डग्गा गप्प बसतो. मात्रा असते, वजन नसतं, आणि त्या गप्प राहण्यामुळेच सम जवळ आल्यासारखी वाटते. मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' या चित्रपटातली ती आगगाडी आठवा. पाण्यावरून जाणारी गाडी, सावल्यांसारखे प्रवासी, एका स्टेशनवर उभी असलेली मुलगी, आणि गोष्टीची नायिका चिहिरो नुसती बसलेली. गोष्टीच्या दृष्टीने तिथे काही घडत नाही. ते वगळलं तर मात्र पोरगी मोठी झाली हे आपल्याला पटणार नाही.

इतकं बोलून झाल्यावर मला भाच्याशी झालेलं भांडण सांगायला हवं. नाताळात तो पुण्याला आला, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हणाले की मरणाबद्दल अमेरिकन कार्टूनला बोलताच येत नाही. तो चिडला. म्हणाला, "तू बघितलंयस काय काय?" आणि त्याने 'बोजॅक हॉर्समन'चा २०१८ मधला एक भाग लावला. घोड्याचं तोंड असलेला, एकेकाळी टीव्हीवर गाजलेला नट आईच्या शवपेटीशेजारी उभा राहतो आणि बोलतो. सुरुवातीचा वडिलांचा तुकडा सोडला तर अख्खा भाग तेवढाच, एक माणूस बोलतो आहे. आई आयुष्यभर त्याच्याशी वाईट वागलेली. मरताना ती म्हणाली होती, "आय सी यू." शेवटी का होईना आईने मला पाहिलं, या वाक्याला तो धरून बसतो, ते उलटसुलट करतो. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं की आई दवाखान्यातल्या पाटीवरची अक्षरं वाचत असेल. आयसीयू.

मला पुढे बराच वेळ बोलता आलं नाही. भाचा बरोबर होता आणि मी ते त्याला सांगितलं.

त्यानंतर मी ते दोन अंत्यविधी शेजारी शेजारी ठेवून पाहते. घोडा पंचवीस मिनिटं बोलतो. त्याला शब्द हवे आहेत, स्पष्टीकरण हवं आहे, आपल्या वाट्याला काय आलं याचा निकाल हवा आहे. फ्रीरेन दोन-चार वाक्यं बोलते, आणि मग पहिल्या पर्वाचे पुढचे २७ भाग चालत राहते. हिमेलला ओळखायचं राहून गेलं म्हणून ती त्याच जुन्या वाटेने पुन्हा निघते. वाटेत त्याचे पुतळे लागतात. एका किनाऱ्यावर ती कितीतरी दिवस कचरा उचलते, नववर्षाचा सूर्योदय बघायला मिळावा म्हणून. पूर्वी एकदा हिमेल तिला तो बघायला बोलावत होता, ती झोपून राहिली होती. आता उठते, सूर्य बघते, आणि तिला त्यात विशेष काही वाटत नाही. शेजारी तिची शिष्या फेर्न हसते आहे, ते मात्र तिला दिसतं.

दोन्ही खरं आहे. पण आमच्या घरात दुःख बोललं जात नाही. आमच्याकडे बाई गेलेल्या माणसाचा शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवते. म्हणून ते दुसरं माझ्या जास्त जवळ आलं. कोणाच्या घरात भांडून, बोलून, रडून मोकळं होत असतील, तिथे बोजॅकच लागेल, आणि लागावा.

आणि आता तर हद्दही राहिलेली नाही. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकन मालिका २००५ ते २००८ चालली, ६१ भागांत नीट संपली. तिच्यात म्हातारा आयरो टेकडीवरच्या झाडाखाली युद्धात गेलेल्या मुलाची तसबीर ठेवून गातो आणि गाता गाता त्याचा आवाज फुटतो. त्याला आवाज देणारे माको हे जपानमध्ये जन्मलेले अमेरिकन नट होते, ते २००६ मध्ये वारले, आणि तो प्रसंग त्यांना अर्पण केला आहे. उलट 'फ्रीरेन'चं संगीत, जे ऐकताना मला सह्याद्रीतली पहाट आठवते, ते इव्हन कॉल या अमेरिकन माणसाचं आहे.

या सगळ्या प्रेमात एक गोष्ट मला बोचते. जी शांतता मी बघते ती काढणाऱ्यांना शांतता मिळत नाही. जपानमधले तरुण चित्रकार कितीतरी ठिकाणी चित्रामागे पैसे घेतात, ते फार थोडे, आणि रात्र रात्र बसतात. स्वस्तात काम द्यायची पहिल्यापासून पडलेली सवय आजही अंगावर आहे. क्योटो ॲनिमेशन ही संस्था यात वेगळी, कलाकारांना पगारावर ठेवणारी, शिकवणारी. त्यांची 'व्हायोलेट एव्हरगार्डन' ही मालिका २०१८ची. लहानपणी युद्धात वापरली गेलेली एक मुलगी लोकांसाठी पत्रं लिहून देते. एक आजारी आई तिच्याकडून आपल्या लेकीसाठी पत्रं लिहून घेते, पुढच्या पन्नास वाढदिवसांसाठी एकेक. १८ जुलै २०१९ रोजी त्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली आणि ३६ जण गेले. ती मालिका मी आता बघते तेव्हा पत्राच्या कागदावरचा उजेड, बोटांच्या सांध्यांवरच्या बारीक रेषा, हे कोणी काढलं असेल, तो आज आहे का, असं मनात येतंच. त्यांनी याच मालिकेचा अर्धवट राहिलेला चित्रपट पुरा करून २०२०च्या सप्टेंबरात दाखवला.

गेल्या महिन्यात आई पुण्याला माझ्याकडे आली होती. संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन दिवाणावर बसली आणि म्हणाली, "लाव ते तुझं जपानी." सबटायटल इंग्रजीत, आईला ती वाचता येत नाहीत. मी मधून मधून सांगत होते. दुसरा भाग होता. एका गावात हिमेलचा पुतळा रानटी वेलींत बुडालेला, काळवंडलेला. फ्रीरेन तो जादूने स्वच्छ करते.

"चिंच लावायची," आई म्हणाली. "चिंच नि मीठ. लख्ख होतो." तिचे हात पानं खुडत होते.

पुतळ्याभोवती फुलं लावायचं ठरतं. हिमेलच्या गावाकडे एक निळं फूल असायचं, ते तिला दाखवायचं तो म्हणाला होता. आता ते फूल या भागात कोणी वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही. फ्रीरेन शोधायला लागते. दिवस जातात, महिने जातात. फेर्नला काळजी वाटायला लागते की ही अशीच वर्षं घालवेल.

"कुणासाठी शोधत्ये ती?" आईने विचारलं.

"तिच्याबरोबर असायचा तो. गेलाय आता."

आई काही बोलली नाही. पडद्यावर फ्रीरेन गवतात वाकून बघत होती, मागे डोंगर होते, वारा होता, आणि बराच वेळ काही घडलं नाही. मी मेथीकडे बघितलं. निवडलेली पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला, आणि मधे अर्धी जुडी तशीच आईच्या मांडीवर. तिचे हात थांबले होते.

"सापडतं का गं?"

"थांब," मी म्हणाले, "बघ ना."